भिंतीपलीकडची मावशी

पुण्यात बाणेरच्या आमच्या गॅलरीतून मावशीचं स्वयंपाकघर दिसतं. तिच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो. पण तिच्याकडे पुरणपोळ्या पोचवायच्या म्हणजे गाडी काढावी लागते. मध्ये भिंत आहे ना! मग आमच्या गेटातून हायवेच्या सर्व्हिस रोडला, तिथून यू-टर्न, बाणेर रोडचा सिग्नल, तिच्या गल्लीच्या अगदी टोकाला तिचं गेट, आणि तिथे वही घेऊन बसलेला वॉचमन. "कुणाकडे?" मी बोटानं माझीच गॅलरी दाखवून सांगतो, "तिथून आलोय." तो गाडीचा नंबर लिहून घेतो.

माझं बालपण नारायण पेठेतलं. गणपतीत लक्ष्मी रोड बंद झाला तर कुमठेकर रस्ता, तोही तुंबला तर बोळ, आणि बोळात मांडव असला तर कुणाच्या तरी वाड्यात पुढून शिरून मागच्या दारानं बाहेर. वाटेत ओसरीवरच्या आजी "कुणाचा रे तू?" विचारायच्या, पण गाडीचा नंबर नाही लिहायच्या.

बाणेर १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर महापालिकेत आलं. मग शेतं गटागटानं, म्हणजे जमिनीच्या एकेका तुकड्यानं, विकली गेली. ज्याला जो गट मिळाला त्यानं मुख्य रस्त्यापासून आपल्या गेटापर्यंत डांबर ओतलं आणि हात झटकले. शेजारच्या गटाशी त्याचं काय देणंघेणं? बांध होता तिथे भिंत आली. बांधावरून निदान शेळी तरी पलीकडे जायची.

डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, आहे, नाही असं नाही. नकाशात तो आमच्या भिंतीतून आरपार जातो. जमिनीवर भूसंपादन अडलंय, आणि तूर्त तिथे कुणाचा तरी टेम्पो उभा असतो. सगळे मग एकाच बाणेर रोडवर उतरतात आणि 'ट्रॅफिक फार वाढलं' म्हणत एकमेकांना हॉर्न देतात.

शेवटी मीच आमच्या सोसायटीच्या सभेत सुचवलं, भिंतीत माणूस जाईल एवढं दार ठेवू. एकमतानं फेटाळलं. "बाहेरचे लोक आत येतील!"

पलीकडच्या सभेतही विषय निघाला. तिथे सेक्रेटरी आमचे मावसोबा. त्यांनीही ठाम विरोध केला. म्हणाले, त्या बाजूच्या लोकांचा काय भरवसा!