मत नसलेल्या माणसाचे नागपुरातील हाल

नागपुरात माणसाला ओळख नसली तरी चालते, मत मात्र असावे लागते. इतर गावांत अनोळखी माणूस आधी आपले नाव विचारतो, मग नोकरी विचारतो आणि बऱ्याच वेळाने राजकारणावर येतो, आमच्याकडे बर्डीच्या बाजारात शेजारी उभे असलेले गृहस्थ थेट "मेट्रोचं काय वाटते तुम्हाले?" येथूनच संभाषणाला आरंभ करतात. आपण काय उत्तर देतो याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नसते. आपल्याला कोणत्या बाजूला उभे करून उरलेला वेळ खोडून काढायचे, एवढेच त्यांना ठरवायचे असते.

माझी अडचण अशी की बहुतेक विषयांवर मला मतच नाही. माझी सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली, आणि त्या खात्यात माणसाने मत बाळगणे अपेक्षित नसते. 'पावती सोबत जोडलेली नाही' एवढे लाल शाईने लिहिले की आमचे कर्तव्य संपत असे. पावती का नाही, पैसे कोठे गेले आणि देशाचे काय होणार, हे प्रश्न वरच्या मजल्यावरचे होते. सेवानिवृत्तीनंतर समजले की बाहेरच्या जगात वरचा मजला हा प्रकारच नाही. सगळे प्रश्न तळमजल्यावरच सोडवले जातात, आणि तेही सकाळी, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर.

अंबाझरी तलावाकाठचे फिरणे आटोपून आमची मंडळी धरमपेठेतल्या एका ठेल्यावर जमतात. येथे पहिली परीक्षा तर्रीचीच असते. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा किती घ्यायचा, हा बाहेरच्यांना चवीचा प्रश्न वाटेल. आमच्याकडे तो निष्ठेचा आहे. मी एकदा "मध्यम" म्हणालो, तेव्हा ठेलेवाल्याने डाव हवेतच थांबवून विचारले, "मध्यम म्हनजे काय भाऊ? तर्री पाह्यजे का नाही पाह्यजे, एवढं सांगा." त्या क्षणी मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर पुढे प्रत्येक विषयावर माझ्यामागे फिरू लागली.

मंडळींचे अध्यक्षपद एका निवृत्त नायब तहसीलदारांकडे आहे. ते कोणी त्यांना दिलेले नाही, पण कोणी काढूनही घेतलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पुढे केव्हातरी नातवाने ते त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिले, तेव्हापासून ठेल्यावर आणखी एक सभासद वाढला. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्वांसमक्ष त्याला विचारले की वेगळा विदर्भ व्हावा की होऊ नये. यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखे दाखवले आणि मग शुद्ध मराठीत, मुद्देसूद, दोन्ही बाजू मांडल्या. शेवटी हा विषय गुंतागुंतीचा असून त्यावर विविध मते आहेत, असे नम्रपणे नमूद केले. ठेल्यावर शांतता पसरली. मग अध्यक्ष मोबाईल खिशात घालत म्हणाले, "हा तं आपल्या ऑडिटवाल्या साहेबासारखाच हाय! याच्यासाठी एवढी वीज जाळून राह्यले काय?" आणि जणू कोराडीच्या वीज केंद्रातली सगळी वीज त्या एका उत्तरात खर्च झाली, अशा थाटात त्यांनी तिकडे हात केला. तंत्रज्ञानाने माझी जागा घेतल्याचे दुःख मला मुळीच झाले नाही. उलट पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या पक्षाचे भेटले, असे वाटले.

तरीही प्रश्न विदर्भाचा होता, आणि नागपुरात राहून त्यावर गप्प बसणे म्हणजे लग्नघरात उपास धरणे होय. म्हणून मी अभ्यास केला. दुसऱ्या दिवशी मी मंडळींना सांगितले की नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती, १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि ती शिफारस बाजूला राहून १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. ऐकून वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पोह्यांचे पैसे देऊ केले. लगेच मी दुसरी बाजूही सांगितली, की १९५३ च्या नागपूर करारावर विदर्भाच्या नेत्यांनीही सह्या केल्या होत्या, आणि सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम करावा व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे घ्यावे, हे त्यातच आहे. आता अखंड महाराष्ट्रवाले खूश झाले आणि त्यांनीही खिशात हात घातला. मात्र समोरचाही हसतो आहे, हे दोन्ही बाजूंच्या एकाच वेळी ध्यानात आले आणि दोन्ही हात खिशातून रिकामेच बाहेर आले. "म्हनजे तुम्ही नेमके कोनाचे?" या प्रश्नाला 'पावती सोबत जोडलेली नाही' हे उत्तर चालत नाही.

त्याच करारामुळे दर डिसेंबरात आमच्याकडे हिवाळी अधिवेशन भरते. सिव्हिल लाइन्समधले रस्ते एकाएकी गुळगुळीत होतात, दुभाजकांना रंग लागतो आणि मते सांगायला अख्ख्या महाराष्ट्रातून माणसे येतात. अशाच एका दिवशी मी दूध आणायला निघालो आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी अडवलेल्या मोर्चात सापडलो. एका मोर्चेकऱ्याने चपलेचा अंगठा नीट करण्यापुरता आपला फलक माझ्या हाती दिला, आणि नेमक्या त्याच वेळी एका वृत्तवाहिनीचा तरुण माईक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "सरकारकडे आपली काय मागणी आहे?" मी खरे ते सांगितले, "दुधासाठी निघालो होतो, पण येथे कोणी पुढे जाऊच देत नाही." संध्याकाळी माझा चेहरा 'दूध प्रश्नावर ज्येष्ठ नागरिक आक्रमक' या पट्टीवर झळकला. अमरावतीहून मामेसासऱ्यांचा फोन आला, "जावईबापू, बरं खडसावलंत!" मोर्चा कशाचा होता, हे मला अजूनही ठाऊक नाही, फलक हातात असला की तो वाचता येत नाही.

उद्योगधंद्याच्या बाबतीत नागपूरकराचे मत एकच असते, ते म्हणजे प्लॉट. माझे मेहुणे समृद्धी महामार्ग, मिहानचा उद्योग प्रकल्प, विमानतळ यांची नावे अशी घेतात की ऐकणाऱ्याला आपण ओसाड जमिनीवर नव्हे, तर भविष्यकाळावर उभे आहोत, असा भास व्हावा. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सरकारने आपल्या एका प्लॉटच्या सोयीसाठीच बांधला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. त्यांनी मत मागितले, मी "प्लॉट एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला आहे का, कागद दाखवा" एवढेच म्हणालो. हे मत नव्हते, ती सवय होती. पण दिवाळीपर्यंत आमचे येणे-जाणे बंद राहिले.

क्रिकेटचीही तीच कथा. २०१५ मध्ये आमच्या जामठ्याच्या मैदानावर भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गारद झाली, कसोटी तीन दिवसांत आटोपली आणि आयसीसीने खेळपट्टीला 'खराब' शेरा दिला. त्यावरून आमच्या केशकर्तनालयात आजही दोन तट आहेत. मी तेथे डोळे मिटून बसतो. त्याचाही अर्थ खेळपट्टी मला पाहवत नाही, असा लावला जातो.

यंदा पोळा जवळ आला तेव्हा मोहल्ल्यातल्या मंडळाची मुले घरी आली. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मारबत, म्हणजे गावाच्या पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे महागाई, भ्रष्टाचार, पुढारी अशा वर्षभराच्या पीडांचे अगडबंब पुतळे, 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांत मिरवले जातात. मुलांची पंचाईत झाली होती. ज्या पुढाऱ्याचा बडग्या करावा, त्याचे समर्थक मोहल्ल्यात निघत होते. मोबाईलचा करावा, तर तो सगळ्यांनाच हवा होता. अखेरीस ज्याच्या बाजूने एकही माणूस उभा राहणार नाही, असा विषय त्यांना सापडला होता: मत न देणारा नागरिक. "काका," मुख्य कार्यकर्ता अत्यंत आदराने म्हणाला, "राग नका मानू, पन तुमचा जुना चष्मा भेटंन काय?"

चष्मा मी दिला. पुतळा पाहायलाही गेलो. सदरा ठीक होता, हातात दुधाची पिशवी होती, मानही बरोबर मध्यावर धरलेली होती. पण पोट प्रमाणाबाहेर वाढवले होते. ते निम्म्याने कमी केले पाहिजे, असे मी सर्वांसमोर, कोणी विचारले नसताना, ठणकावून सांगितले. मुले चकित झाली. माझ्या मताचा मान राखण्यासाठी त्यांनी जागेवरच हात वर करून मतदान घेतले, आणि पोट बहुमताने आहे तेवढेच ठेवण्यात आले.