कीवेटिनूंग राखीव नाही, मावशी

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात एक संदेश पुढे पाठवला आणि खाली स्वतःचे एकच वाक्य जोडले, "इथेही आरक्षण आलेच की रे!" संदेशातला दावा असा: ऑन्टारियो प्रांताने उत्तरेकडे आदिवासींसाठी कीवेटिनूंग ही राखीव जागा काढली, ३३ हजार लोकांना एक आमदार दिला, त्यासाठी शहरांच्या जागा कापल्या, ही माणसे कर भरत नाहीत आणि त्यांचा आमदार सभागृहात इंग्रजीही बोलत नाही. मावशी तिथली नागरिक आहे व न चुकता मतदान करते, म्हणून हे हसण्यावारी नेता येत नाही.

यात 'राखीव' हा शब्द सर्वांत खोडसाळ आहे, कारण मराठी माणसाला तो विचार न करताच पटतो. आपल्याकडे अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघात उमेदवार त्याच प्रवर्गातला असावा लागतो. कीवेटिनूंगमध्ये अशी कोणतीही अट नाही; अर्ज भरला तर मावशीसुद्धा तिथून उभी राहू शकेल. उत्तरेच्या मतदारसंघांच्या सीमा ठरवण्यासाठी नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून २०१७ मध्ये केनोरा-रेनी रिव्हर या मतदारसंघाचे विभाजन होऊन कीवेटिनूंग हा मतदारसंघ निर्माण झाला. तिथे आदिवासींची बहुसंख्या आहे आणि किंगफिशर लेकचे सोल मामाकवा २०१८, २०२२ व २०२५ असे तीनदा निवडून आले. याला आरक्षण म्हणायचे असेल, तर ब्रॅम्प्टनच्या पंजाबी आमदारांनाही तेच नाव द्यावे लागेल. राखीव असतात त्या तिथल्या आदिवासी वसाहतींच्या जमिनी. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा त्यातच गफलत केली असावी.

लोकसंख्येचा आकडा मात्र बरोबर आहे, हे मान्य करावे लागते. दक्षिणेत एका आमदारामागे लाखाहून अधिक लोक आहेत, म्हणजे उत्तरेतले मत जड ठरते. पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या मतदारसंघांविषयी निकाल देताना सांगितले, की मताधिकाराचा हेतू तंतोतंत समसमान संख्या हा नसून परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे, आणि त्यासाठी भूगोल, समाजाचा इतिहास व अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्वही विचारात घेता येते. तीन न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले, तरी कायदा तोच आहे. आता भूगोल पाहा: हा एक मतदारसंघ सुमारे २,९४,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढा. बारमाही रस्ता पिकल लेकपाशी संपतो. त्यापुढच्या गावांना विमानाने जायचे, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरच्या वाटेने. त्यातल्या नेस्कांटागा गावाला १९९५ पासून पाणी उकळून पिण्याची सूचना आहे.

जागा कापल्याची गोष्ट निव्वळ खोटी आहे. २०१८ च्या निवडणुकीत सभागृह १०७ वरून १२४ जागांचे झाले; वाढलेल्या १७ पैकी १५ दक्षिणेला मिळाल्या. करांविषयी एवढेच, की राखीव वसाहतीत मिळवलेल्या उत्पन्नावर नोंदणीकृत आदिवासींना सहसा आयकर नाही, पण मताचा हक्क कराच्या पावतीवर मिळत नाही. १९५४ पर्यंत तर त्यांना प्रांतात मत हवे असेल, तर सहसा आपला आदिवासी दर्जाच सोडावा लागे.

राहिली भाषा. मामाकवा एरवी इंग्रजीतच बोलतात. २८ मे २०२४ रोजी, सभागृहाचा भाषेविषयीचा नियम बदलल्यानंतर, त्यांनी प्रथमच अनिशिनिनिमोविन या आपल्या भाषेत प्रश्न विचारला. तो सू लुकआउट येथील वृद्धांच्या शुश्रूषागृहाविषयी होता, आणि ऐकणाऱ्यांत त्यांची आईही बसली होती.