टेप ड्राइव्ह, क्लीनिंग कॅसेट आणि ब्लॉकचा आकार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवर जुना डीडीएस टेप ड्राइव्ह (छोट्या कॅसेटमधल्या टेपवर डेटा साठवणारं यंत्र) चालवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. मी उदाहरणांत 'एसटी०' हे डिव्हाइस (लिनक्समधलं टेप ड्राइव्हचं नाव) वापरलं. तसं करून कुणी लागोपाठ दोन बॅकअप घेतले तर पहिला जाईल, हा एक. 'कॅनॉट अलोकेट मेमरी' अशी एरर आली की आधी क्लीनिंग कॅसेट फिरवावी आणि तरी टेप वाचली नाही तर ड्राइव्ह भंगारात काढावा, हे मी सांगितलं नाही, हा दुसरा.

पहिला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे. चूक माझी आहे आणि लेखात दुरुस्ती केली आहे. 'एसटी०' बंद होताना टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. त्यामुळे 'टार'ने (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणारी आज्ञा) केलेला दुसरा संग्रह पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. शिवाय नवं लिखाण संपतं तिथे ड्राइव्ह 'डेटा संपला' अशी खूण टाकतो, आणि त्या खुणेपलीकडे जुना डेटा शिल्लक असला तरी तो ड्राइव्ह तिकडे जात नाही. म्हणून एका टेपवर एकाहून जास्त संग्रह असतील तर 'एनएसटी०' हे त्याच ड्राइव्हचं दुसरं नावच वापरायचं. त्यात टेप जिथे थांबली तिथेच राहते, आणि टेप मागेपुढे करणाऱ्या 'एमटी' या आज्ञेच्या 'एफएसएफ'ने पुढच्या फाइलवर जाता येतं.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही, आणि इथे मी जरा हट्टाने लिहितोय. कारण या एका गैरसमजापायी चांगले ड्राइव्ह आणि वाचण्याजोग्या टेपा फेकल्या जातात.

त्या एररचा संगणकाच्या मेमरीशी संबंध नाही आणि धुळीशीही नाही. टेपवर डेटा ब्लॉकच्या, म्हणजे तुकड्यांच्या, रूपात असतो. 'टार' काही सांगितलं नाही तर १०,२४० बाइटचा ब्लॉक गृहीत धरतो. बॅकअप घेणाऱ्याने ६५,५३६चा ब्लॉक ठेवला असेल, तर तो छोट्या मापात मावत नाही आणि ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारा प्रोग्राम) ही एरर परत करतो. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदवही) पाहा. 'फेल्ड टू रीड ६५५३६ बाइट ब्लॉक विथ १०२४० बाइट ट्रान्सफर' अशी सरळ ओळ तिथे सापडते. हवा असलेला आकडा लॉगच सांगतो!

माझ्या वडिलांच्या दिवाळी अंकाची पानं अशाच एका १२ जीबीच्या डीडीएस-३ टेपवर होती. ड्राइव्ह मेलाय, असं आम्हाला दुकानात सांगितलं होतं. घरी 'एमटी'ने 'सेटब्लॉक' शून्य केला, म्हणजे ब्लॉकचा आकार बदलता ठेवला. मग डेटा जसाच्या तसा उतरवणाऱ्या 'डीडी' या आज्ञेने ६४ केबीचं माप देऊन फक्त एक ब्लॉक फाइलमध्ये उतरवला. फाइल भरली ३२,७६८ बाइट. टेप गुंडाळून 'टार'ला 'बी ६४' सांगितलं (६४ गुणिले ५१२ म्हणजे तेच ३२,७६८ बाइट) आणि पानं उतरू लागली. मजकूर युनिकोडआधीच्या फॉन्टमधला होता, त्याचं रूपांतर करणं ही वेगळी मेहनत. पण एकही पान हरवलं नव्हतं.

क्लीनिंग कॅसेट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. लॉगमध्ये 'मीडियम एरर' (टेपवरून वाचता न आल्याची नोंद) दिसली तर ती जरूर फिरवा. पण ती टेप वाचणाऱ्या हेडवर घासून काम करते, त्यामुळे उगाच फिरवू नये. आणि ड्राइव्ह 'एलएसस्कझी'च्या (स्कझी केबलने जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) यादीतच येत नसेल, तर केबलच्या दोन्ही टोकांचं टर्मिनेशन (टोक बंद करणारा जोड) आणि आयडी (उपकरणाचा क्रमांक) आधी तपासा. ७ हा आकडा बहुधा संगणकातल्या स्कझी कार्डाकडेच असतो, तो ड्राइव्हला देऊ नका.

तुमचा ड्राइव्ह अजून घरात असेल तर कृपया टाकू नका. टेपचा राइट-प्रोटेक्टचा टॅब सरकवा, एकदा वाचायचा प्रयत्न करा आणि कर्नलच्या लॉगमधल्या शेवटच्या चार-पाच ओळी मला इथेच लिहून पाठवा.