‘ज्युनिअर संपले’ म्हणणाऱ्यांचं गणित

‘एआय कोड लिहितो, म्हणजे ज्युनिअर डेव्हलपर संपले, आता प्रोग्रामिंग शिकणं व्यर्थ आहे.’ हा दावा इतक्या वेळा ऐकला की त्याचे मुद्दे एकदा सुटे करून बघावेसे वाटले.

‘गुगलमध्ये नव्यातला पाव कोड एआयच लिहितो.’ गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं म्हणाले खरे. पण तो कोड इंजिनिअर तपासतात आणि मगच स्वीकारतात, हेही ते त्याच दमात म्हणाले होते. तेवढं मात्र कोणी सांगत नाही.

‘नोकऱ्या घटल्याचे आकडेच आहेत.’ आहेत, आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या. २२ ते २५ वयाचे सॉफ्टवेअर डेव्हलपर २०२२ अखेरच्या तुलनेत जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटले होते. मात्र २०२२-२३ मध्ये तिथले व्याजदर शून्याजवळून ५ टक्क्यांपलीकडे गेले आणि स्वस्त पैशावर केलेली भरमसाट भरती ओसरली. शिवाय २०२२ ते २०२४ या वर्षांत तिथे सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्च करासाठी एकाच वर्षी वजा करता येत नव्हता, तो किमान ५ वर्षांत विभागावा लागत होता. कंपन्यांमधले चढउतार बाजूला काढूनही तरुणांची घट उरते, असं हे संशोधक दाखवतात. तेव्हा एआयचा वाटा शून्य म्हणता येत नाही. पण सगळीच्या सगळी घट त्याच्या खात्यावर टाकणं हा सरळ आळस आहे.

‘एक सीनियर आणि एआय, बास.’ मला सगळ्यात खटकतं ते हे. मेटर (METR) या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरता आला तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के कमी वेळात उरकलं! तेव्हाची साधनं आता जुनी झाली असतील. ‘मला तर फार फायदा होतो’ या साक्षीचं मोल मात्र तेवढंच कमी राहतं. आणि सीनियर येतो कुठून? रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीत, चार वेळा कोड परत आल्यावर, स्वतःच घातलेला बग (चूक) प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, शोधल्यावर. ही शिकण्याची वर्षं वाचवणाऱ्या कंपनीला पुढे सीनियर दुसऱ्याकडून ओढूनच आणावे लागतील. सगळ्यांनीच वाचवली तर ओढायचे कोणाकडून?

‘शिकणं व्यर्थ.’ कोडिंग आणि डीबगिंग (चुका शोधून काढणं) जवळजवळ नाहीसं होईल, असं फोरट्रान या सुरुवातीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या १९५४ च्या प्राथमिक अहवालातही लिहिलं होतं. पुढचं बोलायला नको.

एक मात्र कबूल: ठरलेल्या साच्यातले फॉर्म, टेबलं, टेस्ट भरून देण्याचं काम जातंय. तेवढ्याच जोरावर नोकरी मागणाऱ्याची बाजू मीही घेणार नाही.