दोन रात्री म्हणजे साडेचारशे डाव

पाऊस ओसरला की पुण्यातल्या पोकरवाल्या गटांचं गोव्याच्या कॅसिनोत जायचं ठरायला लागतं. बस स्वारगेटहून की नवले पुलावरून, हॉटेल पणजीत की कळंगुटला, यावर व्हॉट्सॲपवर तीनशे मेसेज पडतात. खेळाची तयारी म्हणाल तर ब्लफचे, म्हणजे हलक्या पत्त्यांवर मोठा आव आणून समोरच्याला पळवण्याचे, व्हिडिओ. माझं मत स्पष्ट आहे: ती करमणूक झाली, तयारी नव्हे. हौशी खेळाडूच्या दोन रात्रींत ब्लफने फार काही ठरत नाही. ठरतं ते पैशांच्या पाकिटांवर, झोपेवर आणि पत्ते टाकून गप्प बसण्याच्या सवयीवर.

आधी आकडे. खऱ्या टेबलावर डीलर तासाला 25 ते 30 डाव वाटतो. 28 धरू. आठ तासांच्या दोन रात्री म्हणजे साधारण साडेचारशे डाव. एवढ्यात काय काय येईल? हातातल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, म्हणजे दोनदा. ती एकदाही न येण्याची शक्यता 13 टक्के आहे. आठ जणांचा गट असेल तर एखाद्याला ती अख्ख्या ट्रिपमध्ये न दिसणं हा शनीचा कोप नाही, साधं गणित आहे. कुठलीही जोडी 17 डावांत एकदा, म्हणजे सव्वीसेक वेळा. त्या प्रत्येक वेळी फ्लॉप (मध्ये सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते) बघितलात तरी जोडीला तिसरा पत्ता जुळून सेट लागणार साडेआठात एकदा. दोन रात्रींत तीन सेट, आणि त्यातल्या एकावर समोरचा पैसे देणारच नाही.

आता समजा तुम्ही खरंच चांगलं खेळता आणि 100 डावांमागे 5 बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी भरायच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी) कमावता. साडेचारशे डावांत कमाई झाली 22 बिग ब्लाइंड. पण 100 डावांमागे 90 बिग ब्लाइंडचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे जातो त्याचं माप) धरलं, आणि नो-लिमिटमध्ये, म्हणजे कितीही लावता येतं अशा खेळात, ते तेवढं असतंच, तर साडेचारशे डावांचा चढउतार 190 बिग ब्लाइंडचा येतो. 100/200 च्या टेबलावर (ब्लाइंड 100 आणि 200 रुपये) रुपयांत सांगायचं तर अपेक्षित कमाई साडेचार हजार आणि हेलकावा अडतीस हजारांचा. चांगला खेळाडूसुद्धा 45 टक्के वेळा हरून परततो. त्यामुळे जिंकून आलेल्याने शहाणपण शिकवू नये आणि हरून आलेल्याने लगेच पुस्तकं विकू नयेत.

यावरून पैशांचं ठरतं. 100/200 ला पूर्ण बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायच्या चिपांची रक्कम) 20,000 धरलं तर तीन बाय-इन, म्हणजे ट्रिपचे खेळायचे पैसे 60,000. हॉटेल, बस, जेवण त्यात नाही. हे 60,000 गेले तरी घरचा हप्ता, शाळेची फी, विम्याचा प्रीमियम यांना धक्का लागत नसेल तरच या टेबलाचं नाव काढा. नाहीतर लहान ब्लाइंडचं टेबल शोधा किंवा नुसते मासे खाऊन या, गोव्यात तेही उत्तम मिळतात. पैसे तीन पाकिटांत वेगळे करा. पहिल्या रात्री दोन न्यायची, तिसरं हॉटेलच्या तिजोरीत. मित्राकडे ठेवायला देऊ नका. रात्री दोन वाजता तुम्ही मागितलंत की मित्र देतो, मित्र असतोच त्यासाठी. क्रेडिट कार्ड पुण्यातच राहू द्या, कारण त्यावर रोख काढली की शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा निघण्यापूर्वी उतरवून ठेवा. ती पुन्हा चढवता येते, पण त्या चार पायऱ्या चढेपर्यंत माणूस थोडा भानावर येतो. आणि गटात टेबलावर उसनवारी नाही, हे बस सुटायच्या आधी सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या.

निघायच्या आठवडाभर आधी पोकर रूमला फोन करा. ब्लाइंड किती, कमीत कमी आणि जास्तीत जास्त बाय-इन किती, रेक (दर डावात जमलेल्या पैशांतून कॅसिनो कापून घेतो तो वाटा) किती टक्के आणि त्याला वरची मर्यादा काय, होल्डेम (आपण बोलतोय तो दोन पत्त्यांचा पोकर) रोज चालतं की फक्त शनिवारी, पोकरसाठी येणाऱ्याला प्रवेश शुल्क पडतं का, आणि सांगितलेला आकडा टॅक्स धरून की वेगळा. कॅसिनोवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झाला आहे, म्हणून शेवटचा प्रश्न गाळू नका. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळणाऱ्या 'ओटीपी' चिप म्हणजे एकदाच लावायच्या चिप. त्या रोख करून मिळत नाहीत. त्या धरून हिशोब मांडू नका.

रेकबद्दल लोक बेफिकीर असतात. डावामागे सरासरी 250 रुपये टेबलावरून जातात असं धरा. तासाला 28 डाव म्हणजे 7,000, नऊ खेळाडूंत वाटले तर माणशी पावणेआठशे. जवळजवळ चार बिग ब्लाइंड तासाला नुसत्या बसण्याचे. वरच्या उदाहरणातला चांगला खेळाडू हे भरून मग 100 डावांमागे 5 कमावतो. म्हणूनच मी शुक्रवार-शनिवारच्या बाजूचा आहे. गर्दी असते, नाव लावून थांबावं लागतं, सगळं महाग पडतं, पण टेबलावर सुट्टीला आलेले लोक असतात. मंगळवारच्या टेबलावर रोजचेच बसलेले असतात, आणि ते तुमचीच वाट बघत असतात.

सरावाचं काय? ऑनलाइन पैसे लावून खेळायचा रस्ता ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंद झाला. घरी पैसे लावून बसणंही नको; महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून जिवंत आहे. (कॅसिनोचा कायदा आपल्याकडेही 1976 मध्ये झाला होता. तो कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. म्हणून ही सगळी वरात पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो-बोटींकडे.) नुसत्या चिपांवर खेळलं की सगळे सगळ्याला कॉल करतात, म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं भरून खेळत राहतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे हिशोबाची वही: महिनाभर गुण मांडा, आणि पहिला बाद होणारा सगळ्यांसाठी चहा करेल.

पण खरा सराव एकट्याने करायचा आहे. ऑनलाइन शिकलेल्या माणसाला एका टेबलावर तासाला 60 ते 80 डाव बघायची सवय असते. इथे 28. त्यातले खेळण्यासारखे सहा-सात. उरलेल्या एकवीस-बावीस डावांत हात रिकामे, समोर गप्पा आणि ट्रेमधून फिरणारे ग्लास. हौशी माणूस पैसे घालवतो तो इथे, कंटाळ्यामुळे. दहाच्या सुमारास राणी-सात टाकणारा साडेबाराला 'एकाच रंगाचे आहेत' म्हणून राणी-सात खेळतो. एकाच रंगाचे (दोन्ही बदाम, दोन्ही इस्पिक असे) दोन पत्ते हातात असताना फ्लॉपवर फ्लशचा (एका रंगाच्या पाच पत्त्यांचा) ड्रॉ, म्हणजे एक पत्ता कमी अशी स्थिती, मिळण्याची शक्यता 11 टक्के आहे, नुसता ड्रॉ. तर घरी असं करा: कॅट पिसा, दोन मिनिटांचा टायमर लावा, दर दोन मिनिटांनी स्वतःला दोन पत्ते वाटा, कुठल्या जागेवर बसला आहात ते मनात धरा आणि खेळणार की टाकणार ते लिहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तासभर हे करणं भयंकर कंटाळवाणं आहे, आणि सराव नेमका त्याचाच आहे.

दुसरी खोड तीन पत्तीची. दिवाळीतल्या तीन पत्तीत सीक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटच्या (ओळीने पाच पत्त्यांच्या) वर. कारण सरळ आहे: तीन पत्त्यांत साधा कलर 1,096 प्रकारे होतो आणि साधा सीक्वेन्स 720 प्रकारे, पाच पत्त्यांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. दुर्मीळ ते वरचं. डोक्यात हे माहीत असतं, पण बोर्डवर (मधल्या उघड्या पत्त्यांत) तीन बदाम पडलेले असताना पहाटे तीनला स्ट्रेट घेऊन ऑल-इन जाणारा, म्हणजे सगळ्या चिप लावणारा, हात तीन पत्तीतलाच असतो. 'ब्लाइंड' शब्दाचाही घोळ होतो. तिथे तो पत्ते न बघता खेळणं, इथे वाटण्याआधी दोन जागांनी भरायची सक्तीची रक्कम.

पॉट ऑड्सचं, म्हणजे कॉलची रक्कम आणि जमलेले पैसे (पॉट) यांच्या तुलनेचं, एकच उदाहरण पक्कं करा. टर्न (चौथा उघडा पत्ता) उघडला आहे, हातात दोन आणि बोर्डवर दोन बदाम आहेत, तुम्हाला फ्लशसाठी आणखी एक बदाम हवा. पॉटमध्ये 4,000 होते, समोरच्याने 2,000 लावले. तुम्ही 2,000 घालणार, एकूण 8,000 होणार, म्हणजे तुमचा वाटा पाव. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदाम 9, म्हणजे 19.6 टक्के. पाव भरत नाही. कॉल परवडायला रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) बदाम आल्यानंतर समोरच्याकडून आणखी निदान सव्वादोन हजार निघायला हवेत. त्याच्यापुढे तेवढे उरलेत का, आणि बोर्डवर तिसरा बदाम दिसल्यावर तो देईल का? हे दोन प्रश्न विचारून कॉल किंवा फोल्ड (पत्ते टाकणं). 'आता इतके घातलेच आहेत' हे कारण नव्हे.

टेबलाचे नियम माहीत नसल्याने जाणारे पैसे सगळ्यात लाजिरवाणे. 'रेझ' (वाढवतो) न बोलता 1,000 ची एकच चिप पुढे टाकली तर तो कॉल धरतात. चिप दोन हप्त्यांत सरकवल्या तर पहिलाच हप्ता ग्राह्य. तोंडातून निघालेलं बंधनकारक. पाळी येण्याआधी बोलायचं नाही. पत्त्यांवर एखादी चिप ठेवा, नाहीतर डीलर ते फेकलेले समजून ओढून घेतो आणि मग वाद घालून उपयोग नसतो. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, आपले पत्ते उघडे ठेवा आणि डीलर वाचेपर्यंत हातातून सोडू नका. 'तुझं मोठं आहे' म्हणून फेकलेला जिंकता हात परत मिळत नाही. डाव चालू असताना शेजारच्या मित्राशी मराठीत हळूच बोलणं तर कटाक्षाने टाळा. बहुतेक रूममध्ये त्यावर हटकतात, आणि हटकायलाच हवं. एका गटातल्या दोघांनी एका टेबलावर एकमेकांना सांभाळून खेळणं ही लबाडी आहे, मैत्री नव्हे. शक्यतो वेगवेगळी टेबलं मागा.

स्ट्रॅडलचं, म्हणजे पत्ते बघण्याआधीच बिग ब्लाइंडच्या दुप्पट लावण्याचं, आधी विचारून ठेवा. 100/200 च्या टेबलावर दर डावाला 400 चा स्ट्रॅडल पडत असेल तर तुमचे 20,000 हे 100 नव्हे, 50 ब्लाइंड झाले, आणि 60,000 चा सगळा हिशोब अर्धा झाला. होल्डेमचं टेबल मध्यरात्रीनंतर ओमाहात (हातात चार पत्ते असलेल्या पोकरात) बदलतं तेव्हा न लाजता उठा. ओमाहात हातातले नेमके दोनच पत्ते वापरावे लागतात, हातात एकच बदाम असेल तर बोर्डवर चार बदाम असूनही फ्लश होत नाही. हे कळायची किंमत एक पाकीट असते. ऑल-इन झाल्यावर कुणी 'दोनदा चालवू का' (उरलेले पत्ते दोनदा उघडून दर वेळी अर्धा पॉट) विचारलं तर खुशाल हो म्हणा. सरासरीत फरक पडत नाही, हेलकावा कमी होतो.

प्रवासात लोक एकच घोडचूक करतात. रात्रभर बसमध्ये आंबोली किंवा चोर्ला घाटाची वळणं मोजत सकाळी सातला पणजीत, खोली बाराला मिळणार, दुपारी बीचवर बिअर, आणि रात्री नऊला टेबलावर. तेव्हा छत्तीस तास नीट झोप नसते. एक रात्र आधी पोहोचा, किंवा पहिली रात्र खेळच नाही असं ठरवा. बसायच्या आधी वरण-भात-मासे असं साधं जेवण, टेबलावर पाणी, आणि दर दीड तासाला डेकवर पाच मिनिटं. वेळेची मर्यादा पैशांच्या मर्यादेइतकीच कडक हवी: आठ तास झाले की उठायचं, जिंकत असलात तरी. फेरीबोटीला थांबावं लागतं, तेही धरा. ओळखपत्र आणि पॅन मूळ प्रत घ्या. वय 21 पूर्ण हवं. पुरुषांना हाफ पँट आणि चपला घालून बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत.

आणि पोकरवरून उठल्यावर वाटेत रूलेट लागतं. तिथे कौशल्य वगैरे काही नाही. एका शून्याच्या चाकावर लावलेल्या रकमेचे 2.7 टक्के कॅसिनोचे, दोन शून्यांच्या चाकावर 5.26. 'पोकरमध्ये गेलेले इथे काढू' म्हणून तिकडे वळणारा माणूस मला पोकर खेळणारा वाटतच नाही. हे वळण दर ट्रिपला येत असेल, उधारी होत असेल, घरी आकडा लपवावा लागत असेल, तर ट्रिप रद्द करून 14416 वर टेली-मानसला फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे.

जिंकलात तर कराचं लक्षात असू द्या. अशा कमाईवर सरळ 30 टक्के आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2, तुमचा स्लॅब कुठलाही असो. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. चिप त्याच रात्री काउंटरवर रोख करा, पावती घ्या. वहीत तारीख, ब्लाइंड, बसल्याची आणि उठल्याची वेळ, किती घातले, किती निघाले, शिवाय ज्यात चूक झाली असं वाटतं ते दोन-तीन डाव. हे परतीच्या बसमध्ये कोल्हापूर यायच्या आत लिहून टाका. कात्रजला उतरेपर्यंत सगळा गट 'थोडासा प्लसमध्ये' असतो.