'लाव'चे ७२ अर्थ आणि माझी लागलेली वाट

गेल्या पंधरा दिवसांत तो 'लाव'वाला मेसेज मला सात ठिकाणांहून आलाय. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, बायकोच्या माहेरचा ग्रुप, ट्रेकिंगचा ग्रुप (ज्यात २०१९ नंतर कुणी ट्रेक केलेला नाही), आणि आमच्या पेपरवाल्याने तर तो स्टेटसलाच लावलाय. ज्यांना अजून आला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. 'लाव' या दोन अक्षरी मराठी शब्दाला ७२ अर्थ आहेत, जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेत असा शब्द नाही, इंग्रजीला प्रत्येक अर्थासाठी वेगळा शब्द शोधावा लागतो, हा शब्द संस्कृत 'लव'पासून जसाच्या तसा आलाय, युनेस्कोने त्याची दखल घेतलीये, त्यामुळेच मराठी अभिजात झाली, परक्या माणसाला हा शब्द जन्मात जमणार नाही, आणि इंग्रजी शाळेतली पोरं हा शब्द मारून टाकतायत. खाली जोडलेले हात आणि 'खरा मराठी असशील तर दहा जणांना पाठव'.

मी खरा मराठी आहे, त्यात कोथरूडला राहतो, म्हणून दहा जणांना पाठवायच्या ऐवजी वाद घालायला बसलोय.

आधी ते ७२. मी चहा घेऊन, पेन्सिल घेऊन ती यादी खरंच तपासली. हळद लावणे, कुंकू लावणे, मलम लावणे, पावडर लावणे, तेल लावणे, साबण लावणे, हे सहा वेगवेगळे अर्थ म्हणून मोजलेत! अहो अर्थ एकच आहे, चोपडणे, फक्त बाटली बदलली. वरण-भात, आमटी-भात, ताक-भात खाल्ला म्हणून कुणी तीनदा जेवलो म्हणत नाही. कुलूप, कडी, बटण, पिन हे सगळं अडकवणे. अशी छाटणी करत गेलो तर माझ्या हिशोबाने दहा-बारा गठ्ठे उरले, कुणी भांडलं तर पंधरा म्हणू. तेही कमी नाहीत, मला त्याचा अभिमान वगैरे जो काय असतो तो आहे, पण ७२ नाहीत.

आणि गंमत अशी की जे खरंच मोजण्यासारखं होतं ते यादीत नाहीच. 'दार लाव' म्हणजे बंद कर, 'टीव्ही लाव' म्हणजे चालू कर. एकाच क्रियापदाची दोन टोकं, आणि आपण एका दमात बोलतो, 'दार लाव आणि टीव्ही लाव', ऐकणारा बरोबर एक बंद करतो नि एक चालू करतो, कुणी थबकत नाही. किंवा 'पेपर लावणे' घ्या. आमच्या घरी पेपर लावलाय म्हणजे तो रोज सकाळी दारात पडतो. शाळेतल्या बाई म्हणतात पेपर लावून दे, म्हणजे रोल नंबरप्रमाणे गठ्ठा रच. दूध लावतात, डबा लावतात, क्लास लावतात, कामाला बाई लावतात, सदाशिव पेठेत रूम घेऊन राहणाऱ्या पोरांचा तर पहिला प्रश्नच 'मेस कुठं लावली?' असतो. ठरवून महिन्याच्या बोलीवर एखादी गोष्ट सुरू करणे, हा एवढा घरगुती नि एवढा पुण्याचा अर्थ, तो फॉरवर्डवाल्याच्या डोळ्यासमोरून गेलाच नाही, बहुतेक हळद-कुंकवाच्या नादात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मुळशीकडच्या. दर पावसाळ्यात आठवडाभर सुट्टी घेतात. दोन वर्षांपूर्वी पोराने विचारलं, मावशी का येत नाहीयेत, तर त्यांनीच फोनवर सांगितलं, 'भात लावायला गावी आलेय रे बाळा'. पोरगं दिवसभर विचारात. रात्री मला म्हणतो, 'बाबा, किती लोकांचा भात लावतात त्या? आठ दिवस?' त्याच्या डोक्यात कुकर. इकडे त्या गुडघाभर चिखलात वाकून रोपं रोवतायत. आता हा खरा वेगळा अर्थ, शेतातला भात लावणं आणि कुकरात भात लावणं, मध्ये चार-पाच महिने, कापणी, झोडणी आणि गिरणी.

मुद्दा दोन, दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाही. लांब जायची गरज नाही, हिंदीत 'लगाना' बघा. आग लगाना, ताला लगाना, दिल लगाना, शर्त लगाना, बोली लगाना, फोन लगाना, दुकान लगाना. सख्खा भाऊच आहे तो. बरं हिंदीला एकाच घरातली म्हणून सोडून दिलं, तर आमच्या खालच्या मजल्यावर धारवाडच्या आजी राहतात, त्यांना विचारलं. कन्नडमध्ये 'हाकु'. 'बागिलु हाकु' म्हणजे दार लाव, आणि 'टीव्ही हाकु' म्हणजे टीव्ही लाव! तीच बंद-चालूची दोन टोकं, एकाच शब्दात, आणि कन्नड तर वेगळ्याच भाषाकुळातली, द्राविडी. आपल्याला वाटत होतं ही आपल्याच घरची गंमत, ती खालच्या मजल्यावरपण होती.

इंग्रजीला वेगळा शब्द लागतो म्हणे. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची १९८९ ची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्यात 'सेट' या तीन अक्षरी शब्दाचे ४३० च्या आसपास अर्थ होते आणि ती सगळ्यात लांब नोंद म्हणून प्रसिद्ध होती. पुढे तिथल्या संपादकांनी 'रन'वर काम केलं आणि २०११ मध्ये बातमी आली की नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. म्हणजे ७२ घेऊन आपण भांडायला गेलोय कुणाशी? आणि ते साधं 'पुट ऑन' घ्या, शर्टही पुट ऑन, लाईटही पुट ऑन, चहाचं आधण पुट ऑन, आणि दिवाळीनंतर वजनही पुट ऑन. जगात कुठंही जा, जो शब्द रोज हजार कामांना जुंपला जातो तो असाच झिजून गुळगुळीत होतो आणि कुठंही बसतो. अर्थ जास्त म्हणजे भाषा श्रीमंत हे लॉजिक धरलं तर मग जिथे दहा कामांना दहा वेगळे शब्द आहेत ती भाषा गरीब म्हणायची का? आपल्याकडेच बघा, पोळी लाटतात, भाकरी थापतात, पुरण वाटतात, शेवया वळतात, चकल्या पाडतात. इथं आपण एकाच शब्दावर भागवलं नाही त्याचंच कौतुक करायला हवं. फॉरवर्डच्या हिशोबाने मात्र हा तोटा.

मुद्दा तीन माझा आवडता. 'लाव' हा संस्कृत 'लव'पासून. संस्कृतात 'लव' येतो 'लू' धातूवरून, आणि त्याचा अर्थ कापणे! म्हणून लव म्हणजे कापलेला बारीक तुकडा, कण, आपण 'लवमात्र' म्हणतो तो. म्हणजे या गृहस्थांनी लावणीला कापणीपासून आणलंय, मावशींना सांगितलं तर त्या विळाच काढतील. खरा रस्ता असा: संस्कृत 'लग्', चिकटणे, त्यातूनच 'लग्न', मग प्राकृतात 'लग्ग', मग मराठीत 'लाग'. अग्नीचं अग्गि आणि मग आग झालं ना, तसंच, जोडाक्षर मोडलं की आधीचा स्वर लांबतो. आणि 'लावणे' हे 'लागणे'चं प्रयोजक रूप, म्हणजे लागायला लावणे. जसाच्या तसा वगैरे काही नाही, दीड-दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात चघळून चघळून आलाय. (तमाशातली लावणी यातूनच का 'लावण्य'मधून यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही, तिथे मी पडत नाही.)

युनेस्को पटकन संपवतो. युनेस्को शब्दांचे नंबर काढत नाही. 'जन गण मन' जगातलं बेस्ट राष्ट्रगीत ठरवलं म्हणून जो मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, तो खोटा आहे, हा त्याचा धाकटा भाऊ.

अभिजात दर्जाचंही तेच. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आपल्याबरोबर पाली, प्राकृत, असमिया आणि बंगालीलापण. तिथे भाषा किती जुनी, जुनं वाङ्मय किती, शिलालेख वगैरे पुरावे काय, हे बघतात. दिल्लीत बसून कुणी 'लाव'चे अर्थ मोजले नाहीत.

आता नवी पिढी. माझी भाची नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेत. मागच्या रविवारी सिंहगडला निघालो तर गाडीत बसल्या बसल्या म्हणते, 'मामा, बेल्ट लाव, मॅप लाव, एसी लाव, आणि माझं गाणं लाव ना, ब्लूटूथ मी लावते.' एका वाक्यात पाच! यातल्या निम्म्या वस्तू माझ्या आजीने पाहिल्या नव्हत्या, पण आजीला हे वाक्य बसल्या जागी कळलं असतं. फिल्टर लावतात, रील लावतात, फोन चार्जिंगला लावतात, सनस्क्रीन लावतात. मरणारा शब्द असा रोज नवीन कामाला लागत नसतो.

आणि परक्यांना जमणार नाही? आमच्या सोसायटीचा वॉचमन ओडिशाचा. दुसऱ्या आठवड्यात मला सांगत होता, 'सर, गाडी तिकडं लावा.' पुण्यात जो कुणी येतो तो मराठी शिकतोच मुळी गेटवरच्या पाटीवरून, 'येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल'. हे व्याकरण विसरायची हिंमत कुणाची आहे.

त्याचा घोटाळा झाला तो 'लाव'वर नाही, 'लाग'वर. स्वारगेटला कुणाला तरी सोडायला गेला होता. तिथे एक आजी विचारत होत्या, 'गाडी लागली का रे?' याला एवढं माहीत होतं की आमच्या मजल्यावरच्या वहिनींना गाडी लागते म्हणजे घाटात उलट्या होतात, म्हणून बिचारा पाण्याची बाटली घेऊन धावला. आजींना फक्त सातारची एसटी फलाटावर लागली का ते हवं होतं.

इथे मला त्या फॉरवर्डवाल्याचा खरा राग येतो. 'लाव' घेतला आणि 'लाग' सोडला, म्हणजे जोड्यातली एकच चप्पल दाखवून कौतुक करा म्हणतोय. सगळी मजा या जोडीत आहे. गेल्या महिन्यात मी सकाळी दूध घ्यायला दाराबाहेर पाऊल टाकलं, मागून वारा आला आणि धाडकन लॅच. किल्ली आत, फोन आत, मी बनियनवर. बायको चालून परत आली, किल्ली तिच्याकडेही नाही. मी म्हटलं, 'अगं दार लागलं.' ती म्हणाली, 'लागलं नाही, तू लावलंस.' बास, एका अक्षराच्या फरकात सगळा खटला. लागलं म्हणजे वारा, नशीब, बिल्डर. लावलं म्हणजे मी. चावीवाला आला, त्याला विचारलं किती लागतील, म्हणाला तीनशे लागतील, किती वेळ लागेल, दहा मिनिटं लागतील. लावला पाऊण तास.

आपण सगळे हेच करतो. गाडीची वाट लागली, असं तोच सांगतो ज्याने ती लावलेली असते. फुटला-फोडला, तुटलं-तोडलं याच जातीतले, पण लाग-लावची पोच फार लांब आहे. सवाई गंधर्वला, म्हणजे १९५३ पासून भीमसेनजींनी सुरू केलेल्या महोत्सवात, गायक सूर लावतो तेव्हा मांडवात लोक वडापाव खात असतात, आणि सूर लागतो तेव्हा वडापाव हातातच राहतो. गवय्याची मेहनत लावण्यात आहे, लागणं त्याच्या हातात नाही, हे समजवायला दुसरे चार परिच्छेद लिहावे लागले असते. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, पण ती कुणी लावू शकत नाही. 'शोध घेतला' आणि 'शोध लावला' यात एक जण नुसता हिंडतो आणि दुसऱ्याला सापडतं. आणि 'तो तुझा कोण लागतो?' हे तर लग्नाच्या कार्यालयात दर दहा मिनिटांनी ऐकू येतं, नातंसुद्धा आपल्याकडे लागतं.

हे सगळं मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, जवळपास एवढंच लांब. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या, बोललं कुणीच नाही. ज्यांनी मूळ मेसेज पाठवला होता त्या काकांचं रात्री साडेदहाला उत्तर आलं, एकच ओळ: 'तू फार मनाला लावून घेतोस.'

यादी परत उघडून बघितली. ७२ मध्ये हा नव्हता.