एसक्यूएल मोड रिकामा करायला सांगणारा तो मेसेज

काल रात्री धाकट्या भावाने मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल एक फिरता मेसेज पाठवला: 'मायएसक्यूएलची जुनी सेटअप स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर चालत नाही? टाइप= दिसेल तिथे इंजिन= करा. ग्लोबल एसक्यूएल मोड रिकामा करा. तरी अडलं तर फोर्स लावा. नाहीतर जुनं व्हर्जन टाका.' त्याने पहिली दोन कामं करूनही टाकली होती, म्हणून लगेच लिहितोय.

पहिला सल्ला अर्धा बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. टेबल कुठल्या स्टोरेज इंजिनने साठवायचं हे सांगणारी 'टाइप=मायआयसॅम' ही लिहिण्याची पद्धत मायएसक्यूएल ५.५ मध्ये काढून टाकली, तिथे 'इंजिन=' हवंच. पण 'दिसेल तिथे' कशाला? भावाच्या स्क्रिप्टमध्ये इन्सर्टच्या, म्हणजे डेटा भरणाऱ्या, ओळींत एचटीएमएल फॉर्म (वेबपेजचा मजकूर) होते. त्यातलं 'टाइप="टेक्स्ट"' आता 'इंजिन="टेक्स्ट"' झालंय, आणि एरर एकही नाही. बदल फक्त क्रिएट टेबल या टेबल बनवणाऱ्या आज्ञेच्या शेवटच्या कंसानंतर करायचा.

खरा घात दुसऱ्या सल्ल्यात आहे. एसक्यूएल मोड म्हणजे सर्व्हरने डेटा किती काटेकोरपणे तपासायचा वगैरे ठरवणारी सेटिंग. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमधलं एसक्यूएल मोडचं प्रकरण वाचा. त्यातला स्ट्रिक्ट (काटेकोर) मोड नसेल तर चुकीची किंमत नाकारली जात नाही, ती बदलून साठवली जाते आणि फक्त वॉर्निंग येते. २० अक्षरांच्या कॉलममध्ये ३० अक्षरांचं नाव घातलं तर शेवटची १० गेली. टायनीइंट या छोट्या पूर्णांकांच्या कॉलममध्ये ३०० घातले तर १२७ उरतात. ३० फेब्रुवारी ही तारीख सगळी शून्यं होते. आणि ग्लोबल म्हणजे त्या सर्व्हरवरच्या प्रत्येक डेटाबेसला, नव्या जोडणीपासून.

हे सगळं कशासाठी, तर जुन्या स्क्रिप्टमध्ये तारखेच्या कॉलमला डिफॉल्ट '००००-००-००' लिहिलंय आणि नवा सर्व्हर ते नाकारतो म्हणून! तो कॉलम नल (रिकामी किंमत) चालेल असा करा, डिफॉल्ट नल द्या आणि शून्य तारीख तपासणारा कोड शोधून बदला. जुन्या स्क्रिप्टमधल्या टाइमस्टॅम्प(१४) या तारीख-वेळेच्या कॉलमच्या एररचा तर मोडशी संबंधच नाही. कंसातला आकडा पूर्वी दाखवण्याची रुंदी होता, ५.६.४ पासून तो सेकंदाच्या अपूर्णांकाचे अंक सांगतो आणि ६ च्या वर चालत नाही. कंस काढा, झालं.

फोर्स म्हणजे एरर आली तरी न थांबण्याचा पर्याय. त्याने एरर मिटत नाही. स्क्रिप्ट ती ओलांडून पुढे जाते आणि अर्धीच टेबलं तयार होतात.

जुनं व्हर्जन फक्त जुना डेटा बाहेर काढायला, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर ठीक. मायएसक्यूएल ५.७ चा सपोर्टसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलाय.

मोड आधीच रिकामा केला असेल तर आजच पूर्ववत करा. पण कापली गेलेली अक्षरं त्याने परत येत नाहीत. बदल केल्यापासूनच्या सगळ्या नोंदी मूळ फाइलशी ताडून पाहाव्या लागतील. भाऊ सकाळपासून तेच करतोय.